नारबाला कुणी विचारलं होतं? ‘गोतावळा’, ट्रॅक्टर आणि आपली हळहळ

मराठी कादंबरीत किंवा सिनेमात बांधावर ट्रॅक्टर उभा राहिला, की सरावलेला वाचक लगेच ओळखतो: आता गोठ्यातलं काहीतरी जाणार. मग रिकामं दावं दिसणार, बैलाच्या डोळ्यांवर कॅमेरा जाणार, म्हातारा गव्हाणीवर हात फिरवणार. आपण हळहळायच्या तयारीनेच बसलेले असतो.

या हळहळीवर माझी रोजीरोटी चालते. मी मढला राहते आणि मालिकांच्या कला विभागात काम करते. मढ म्हणजे मालाडहून येणाऱ्या २७१ नंबरच्या बसचा शेवट, किंवा वर्सोव्याहून फेरीबोटीने पाच मिनिटं. इथे कोळीवाडा आहे, जुना किल्ला आहे, वाटेत एरंगळचं चर्च आहे, आणि शूटिंगला भाड्याने जाणारे बंगले आहेत. पटकथेत ‘गाव’ लिहिलं असेल तर ते गाव बहुतेक वेळा इथेच उभं राहतं. गोठा लावायचा असेल तर माझी यादी ठरलेली असते: कडब्याच्या चार पेंढ्या, दोन दावी, एक गव्हाण, पितळी चरवी, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या. कुट्टी मशीन मी एकदा सुचवलं होतं, तर ‘फील जातो’ असं उत्तर आलं. मी काम केलेल्या तीन ग्रामीण मालिकांमध्ये बैलगाडी नायकाला होती आणि ट्रॅक्टर सरपंचाच्या वाया गेलेल्या मुलाला.

हा सगळा फील आला कुठून, हे शोधत मागे गेलं की वाट आनंद यादवांच्या ‘गोतावळा’पाशी जाते. १९७१ची ही कादंबरी मौज प्रकाशनाने काढली. अभ्यासक्रमांतून, गाइडांतून आणि ‘वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं’ छापाच्या पोस्टमधून तिच्याबद्दल एकच वाक्य फिरत असतं: यंत्र आलं आणि माणूस-जनावरांचं नातं संपलं. वाक्य खोटं नाही, पण त्याने कादंबरीतला सगळ्यात टोकदार प्रश्न झाकला जातो असं मला वाटतं.

नारबा कोण आहे?

कादंबरी नारबा सांगतो. तो दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा गडी आहे. त्याचं लग्न झालेलं नाही, स्वतःचं घर नाही, रक्ताच्या नात्याचं म्हणावं असं जवळ कुणी नाही. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरं एकेक करून जातात आणि नारबा एकटा उरतो. गोष्ट इतकीच आहे.

यादवांनी सांगायची पद्धत मात्र त्या काळात धाडसाची होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. तिच्यात गाव आपल्याला दाखवतो तो बाहेरून आलेला शाळामास्तर, आणि त्याची भाषा आपल्या ओळखीची, प्रमाण मराठी असते. ‘गोतावळा’त हा मधला माणूसच काढून टाकलेला आहे. संवादापुरती बोली आणि निवेदनाला शुद्ध मराठी अशी सोय इथे नाही. नारबा विचार करतो तोही कागलकडच्या बोलीतच. मोबाइलवर वाचायला घ्याल तर पहिली वीस पानं अडखळाल, मग कानाला सवय होते. त्यानंतर लक्षात येतं, की जनावराच्या अंगावरचा प्रत्येक भोवरा ओळखणाऱ्या माणसाची ही भाषा आहे. तिला शहरी वाचकाला काही समजावून सांगायचं नाही.

आता आपला नेहमीचा सारांश पुन्हा तपासू. ‘यंत्राने नातं तोडलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा वाक्याचा कर्ता यंत्र होतं. पण ट्रॅक्टर आपल्या पायांनी मळ्यात येत नाही. तो मालक आणतो. जनावरं ठेवायची की काढायची हेही मालकच ठरवतो. जनावरांना नावानिशी ओळखणारा, त्यांची वेत आणि दुखणी लक्षात ठेवणारा माणूस एकच, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. या कादंबरीतली खरी जखम मला इथे दिसते. शेतीवर सगळ्यात जास्त राबणाऱ्याला शेतीच्या निर्णयात जागा नाही. ट्रॅक्टरऐवजी मालकाने मळाच विकायचं ठरवलं असतं, तरी नारबाची अवस्था तीच झाली असती.

आणखी एक गोष्ट आपण हळहळीच्या भरात विसरतो. नारबा जनावरांवर इतका जीव का लावतो? त्याला माणसांचा गोतावळा मिळालेलाच नाही म्हणून. गड्याच्या जिण्यात संसार बसत नाही. त्याच्या प्रेमाला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही, पण ते प्रेम ज्या एकटेपणातून आलं तो एकटेपणा मळ्याच्या जुन्या व्यवस्थेनेच त्याला दिलेला होता. ट्रॅक्टर येण्याआधीचा मळा नारबासाठी सुखाचा होता असं आपण वाचतो, कारण आपल्याला तसं वाचायचं असतं. त्या मळ्यात त्याला प्रेम करायला फक्त मुकी जनावरंच मिळाली होती, आणि मालकाने तीही काढून घेतली.

त्याच लेखकाचा दुसरा मळा

माझ्या या वाचनाला सगळ्यात भक्कम साक्षीदार आनंद यादवच आहेत. ‘गोतावळा’नंतर सोळा वर्षांनी, १९८७ साली, त्यांचं ‘झोंबी’ आलं. १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. हे आत्मचरित्र आहे, आणि तो मळा, ती मोट, त्या म्हशी आता एका शाळकरी पोराच्या नजरेतून दिसतात. त्या पोराला शाळेत जायचंय. बापाला तो मळ्यात हवाय. पिकाला पाणी पाजायला, जनावरं राखायला, मोटेवर उभं राहायला घरचा, बिनपगारी हात हवाय. शाळेत जायची परवानगी मिळवायला आई आणि पोरगा गावातल्या वजनदार माणसाकडे जातात आणि त्याच्याकडून बापाला समज देववतात.

‘गोतावळा’ आणि ‘झोंबी’ पाठोपाठ वाचून बघा. पहिल्या पुस्तकात जनावरं गेली म्हणून जीव तुटतो. दुसऱ्यात त्याच जनावरांच्या कामातून सुटावं म्हणून पोरगा तडफडतो. लेखक एकच, माती एकच. मग खरं काय धरायचं?

दोन्ही. ‘झोंबी’तच याचा सुंदर पुरावा आहे. पोराला कवितेचा नाद लागतो, तेव्हा तो पिकाला पाणी पाजताना मोठ्याने कविता म्हणतो. आधी जो एकटेपणा कंटाळवाणा वाटायचा तोच आता हवासा वाटतो, कारण ऐकायला कुणी नसतं. म्हशी राखताना कागद जवळ नसेल तर तो काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. मराठीतल्या एका मोठ्या लेखकाची एक पाटी म्हशीची पाठ होती, आणि त्याच म्हशीपायी त्याची शाळा बुडत होती. पण लेखकाने त्यातली एक गोष्ट खरी ठेवायला दुसरी खोटी पाडली नाही. सिनेमा आणि मालिका पहिली गोष्ट उचलतात आणि दुसरी सोडून देतात. पाठीवरची कविता पडद्यावर छान दिसते. बुडालेली शाळा दाखवायची तर गोवऱ्यांच्या भिंतीचा फील जातो.

बैल नेमका कशाने गेला?

ट्रॅक्टर खलनायक ठरला की बाकीच्या कारणांची चौकशी करायची गरज उरत नाही. म्हणून ती इथे करू.

पहिलं कारण चारा. बैलजोडी वर्षभर खाते आणि काम मात्र हंगामापुरतं करते. उंच वाढणाऱ्या ज्वारीने माणसाला भाकरी दिली आणि जनावराला कडबा. एका पिकात दोन पोटं भरायची. त्या रानात सोयाबीन, कापूस किंवा ऊस आला, की रोख पैसा येतो आणि कडबा जातो. कडबा विकत घ्यायची वेळ आली, की बैलाचा हिशेब बांधावर ट्रॅक्टर यायच्या आधीच तोट्यात गेलेला असतो.

दुसरं कारण गाय स्वतः. दुधासाठी संकरित गायी आल्या. जर्सी किंवा होल्स्टिनच्या रक्ताच्या गोऱ्ह्याला वशिंड धड नसतं. जू नीट टेकत नाही, ऊन सोसत नाही. खिल्लार गाईच्या पोटी नांगराचा बैल जन्मायचा. दुभत्या संकरित गाईच्या पोटी जन्मलेला गोऱ्हा शेतकऱ्याला नुसता खायला भार. म्हणजे दूध आणि नांगर ही एकाच जनावराची दोन कामं वेगळी झाली. २०१२ आणि २०१९च्या पशुगणना शेजारी ठेवल्या तर देशात गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली दिसते, आणि बैल-वळूंची सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली. ‘जनावरं गेली’ असं सरसकट म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. नर गेले. माद्या राहिल्या, वाढल्या, आणि त्यांचं काम बहुतेक घरांत बायकांकडे आलं.

तिसरं कारण जमिनीचे तुकडे. २०१५-१६च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या रानाला स्वतःची बैलजोडी परवडत नाही आणि स्वतःचा ट्रॅक्टरही परवडत नाही. त्यामुळे बहुतेकांकडे ट्रॅक्टर येतो तो भाड्याने. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी असे दर ठरलेले असतात आणि पाऊस पडला की सगळ्यांना तो एकाच दिवशी हवा असतो. वेळेवर मिळाला नाही तर वाफसा निघून जातो. कथेतला ट्रॅक्टर माजलेला असतो. खऱ्या गावातला ट्रॅक्टर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या रानात अडकलेला असतो, आणि त्याची वाट बघत फोन करणारा शेतकरी हे पात्र अजून कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आईला विचारलं तेव्हा

माझं घर जुन्नर तालुक्यात आहे. साडेतीन एकर रान, कांदा, थोडी बाजरी, चाऱ्याला मका, चार होल्स्टिन गायी आणि दादाने हप्त्यावर घेतलेला छोटा ट्रॅक्टर. बैल आमच्याकडे मी नववीत असताना गेले. कादंबरीतला नियम लावला तर आमच्या घरी ट्रॅक्टर आला म्हणजे आता गायी जाणार. झालं उलटंच. गायी ठेवायच्या असं दादा ठामपणे म्हणतो, आणि त्याचं कारण ट्रॅक्टरच आहे. कांद्याचा पैसा कधी येईल, किती येईल, सांगता येत नाही. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो, आणि हप्ता त्यातूनच जातो. आमच्या घरात ट्रॅक्टर आणि गाय एकमेकांचे वैरी नाहीत. गाय ट्रॅक्टरचं कर्ज फेडते.

गायी विकून टाका, असं म्हणणारी आहे आई.

ती एकसष्ट वर्षांची आहे. पहाटे पाचला उठून शेण, वैरण, धार. संध्याकाळी पुन्हा तेच. दादाने कुट्टी मशीन घेतलं, धारा काढायचं मशीन घेतलं. तरी कास धुवायला, वासरू सोडायला, भांडी घासायला खाली बसावंच लागतं, आणि तिचे गुडघे गेलेत. मला मढला येऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे एका रात्रीहून जास्त राहिलेली नाही, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळची धार असते. मागच्या महिन्यात फोनवर मी तिला म्हटलं, “तुला गायी गेल्यावर करमेल का?” ती म्हणाली, “करमंल की. न करमायला काय झालं? समुद्र बघायचाय मला दोन दिस, बसून.”

मी ज्या पुस्तकांवर वाढले त्यांत गोठा रिकामा झाला की कुणीतरी रडतं. गोठा रिकामा झाल्यावर टेकून बसणारी बाई त्यांत नाही. आईचं गायींवर प्रेम नाही असं कुणी म्हणू नये. एक गाय आजारी पडली तेव्हा ती तीन रात्री गोठ्यात झोपली होती. प्रेम आणि सुटका दोन्ही तिला एकाच वेळी हवंय, अगदी ‘झोंबी’तल्या पोरासारखं.

यंत्रांचा क्रमही बघण्यासारखा आहे. आमच्या रानात आधी नांगरट यंत्रावर गेली, मग पेरणी, मग फवारणी. ही सगळी पुरुषांची कामं. कांद्याची लागण अजून हाताने, वाकून, बायका करतात. खुरपणीही त्यांच्याकडेच. त्यामुळे ‘शेतीचं यांत्रिकीकरण’ या शब्दात नेमकं कुणाचं काम यांत्रिक झालं, हे कादंबरीने विचारायला हवं. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत पेरणी, मळणी, दळण ही कामं म्हणूनच येतात, करणारीच्या अंगाने येतात. १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपात आली. त्यानंतर ग्रामीण साहित्याचा मोठा प्रवाह तयार झाला, पण त्यातला मळा मुख्यतः पुरुषांनी सांगितला. ‘गोतावळा’ही याला अपवाद नाही. नारबाच्या नजरेला जे दिसतं तेच कादंबरीत येतं, ही तिची ताकद आहे आणि तिची मर्यादाही.

आमचा निर्णय अजून झालेला नाही. सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं आहेत. गोठ्यात एकटी आई असते.

‘टिंग्या’ने काय बरोबर केलं

या विषयावरचा माझा आवडता सिनेमा मंगेश हाडवळेंचा ‘टिंग्या’, २००८ साली आलेला. तो आमच्याच भागातला आहे म्हणून आवडतो हे मी मान्य करते, पण तेवढंच कारण नाही. चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. बटाट्याची लागण तोंडावर आहे, कर्ज आहे, दुसरा बैल आणायचा तर हा विकायला हवा, आणि जायबंदी बैल घेणारा फक्त कसाई. टिंग्या विचारतो, की शेजारची आजी आजारी पडली तर तिच्यावर उपचार करता, मग चितंग्यावर का नाही? शरद गोयेकर या पोराने ही भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

इथे खलनायक नाही. बाप दुष्ट नाही, कर्ज देणाराही राक्षस म्हणून रंगवलेला नाही. बैल एकाच वेळी घरातला जीव आहे आणि घरातली सगळ्यात मोठी मोडता येणारी ठेव आहे. सिनेमा हे दोन्ही शेवटपर्यंत धरून ठेवतो. प्रेक्षक रडतो, पण रडताना हिशेबही करत असतो. आज हा सिनेमा लावला तर त्यात आणखी एक थर दिसतो. मार्च २०१५मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. टिंग्याच्या बापासमोर जो वाईट पर्याय होता, तो आता कायद्याने उरलेला नाही. मग जायबंदी बैलाचं आज काय होतं? त्याला मरेपर्यंत कोण पोसतं, कुठल्या पैशातून? दुसऱ्या बैलाचे पैसे कुठून येतात? ‘टिंग्या’चा पुढचा भाग लिहायचा तर तो इथून सुरू व्हायला हवा. ही गोष्ट लिहायला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही, हिशेब पूर्ण मांडला तरी पुरतं.

बैलाला आज उरलेली मानाची जागा म्हणजे शर्यतीचा घाट. तुमच्या मोबाइलवर रोज त्याचे रील येत असतील. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये राज्याचा कायदा उचलून धरला. घाटातला बैल राजासारखा राहतो, पण तो नांगर ओढत नाही. त्याच्या मालकाच्या रानात नांगरट ट्रॅक्टरच करतो. हे मी हिणवून सांगत नाही. आमच्याकडेही घाट लागला की सगळं गाव जातं, मीही रजा टाकून जाते. फक्त त्या रीलखाली ‘आपली शेती, आपली संस्कृती’ असं लिहिलेलं असतं, त्यातला शेती हा शब्द मला खटकतो.

मराठीत यंत्र नेहमीच रडवत नव्हतं

यंत्राबद्दलचा आपला सूर कायम असाच होता असंही नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला. त्यांनीही शेतकऱ्याची जनावरं खंगल्याचं सांगितलं आहे. पण त्यासाठी त्यांनी बोट दाखवलं ते चराऊ रानं ताब्यात घेणाऱ्या जंगलखात्याकडे. पाणी अडवा, बंधारे बांधा, शेतकऱ्याला नवी विद्या द्या, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे गोठा का रिकामा होतो, या प्रश्नाचं उत्तर फुल्यांनी सत्तेत शोधलं.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९०३च्या सुमारास, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते असा समज होता, त्यामुळे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. त्याआधी त्यांनी बनवलं होतं ते कडबा कापायचं यंत्र. सेटवर ज्याने फील जातो ते कुट्टी मशीन मराठी मुलखात शतकापेक्षा जास्त काळ आहे. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२०मध्ये या नांगरांच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. त्याचंच पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याची भावंडं. कित्येक पिढ्यांच्या मराठी मध्यमवर्गाने कथा वाचल्या त्या एका नांगर कारखान्याच्या कृपेने. त्या मासिकांतला यंत्राबद्दलचा विश्वास आज भाबडा वाटेल. पण भाबडा विश्वास सोडून आपण भाबड्या हळहळीवर आलो असू, तर फार मोठी मजल मारली असं म्हणता येणार नाही.

मढच्या जेट्टीवर उभी राहिले की मला हा फरक स्पष्ट दिसतो. इथल्या होड्यांवर शिडाच्या जागी डिझेल इंजिन येऊन कित्येक वर्षं झाली. शीड गेलं म्हणून रडणारा कोळी मला भेटलेला नाही. शेजारचे तांडेल काका इंजिनाबद्दल बोलतात ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं, कुरकुरत आणि कौतुकाने. त्यांची तक्रार वेगळी असते: डिझेलचा भाव, मासळी कमी झालीय, आणि होडीवर घरची पोरं येत नाहीत म्हणून बाहेरगावचे खलाशी पगारावर ठेवावे लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे खलाशी आपापल्या गावी जातात. पुढच्या हंगामात मालकाने होडी विकली असेल तर त्यांना ते जेट्टीवर आल्यावरच कळतं. हा खलाशी म्हणजे नारबाच. त्याच्याकडे फक्त गोतावळ्याला जनावरंही नाहीत.

मग ‘गोतावळा’ कशी वाचायची?

मी ती टाकून द्या म्हणत नाही. उलट, नुकतीच तिसऱ्यांदा वाचून झालीय आणि या वेळी ती मला जास्त मोठी वाटली. संस्कृतीचा मृत्युलेख म्हणून वाचली तर ती जुनी झालीय. १९७१चा ट्रॅक्टर आता स्वतःच भंगारात गेला असेल. पण निर्णयात जागा नसलेल्या राबणाऱ्याची कादंबरी म्हणून वाचली तर ती आजची आहे. गोदामात पार्सलं लावणाऱ्या पोराच्या जागी यंत्र येणार आहे, ते त्याला कुणी विचारून आणणार नाही. आमच्या सेटवर मागची भिंत रंगवणाऱ्या पेंटरच्या जागी एलईडीचा पडदा आला, तोही त्याला विचारून आला नव्हता. तो पेंटर दोन दिवस नुसता येऊन बसत होता, ब्रश पिशवीतच ठेवून.

नव्या लेखकांकडून मला काय हवंय तेही सांगते. ट्रॅक्टरच्या हप्त्याची तारीख ज्याला पाठ आहे असा नायक हवा. ‘बारोमास’मध्ये सदानंद देशमुखांनी एकनाथ उभा केला, शिकलेला, नोकरी न लागलेला, शेतीत अडकलेला. त्याच्यानंतरची पिढी आता रोटाव्हेटरचं भाडं गूगल पेवर घेते. ती पुस्तकात यायला हवी. दुधाचं फॅट कमी लागलं म्हणून संध्याकाळभर गप्प बसणारी बाई हवी. जाणाऱ्या गाईच्या कपाळाला कुंकू लावून, डोळे पुसून, त्या रात्री बऱ्याच वर्षांनी सलग आठ तास झोपणारी बाई हवी.

आणि सेटवर मला कुट्टी मशीन ठेवू द्यावं. त्याचा आवाज मोठा असतो हे खरं, संवादांच्या वेळी बंद ठेवता येईल.